इंग्रजी आडनावाचा माग कसा काढावा: ‘मोल्सवर्थ’ हाताशी धरून

आमच्या घरी एखादा शब्द अडला की बाबा म्हणायचे, “मोल्सवर्थ काढ गं.” कपाटातल्या त्या जाडजूड मराठी-इंग्रजी कोशाचंच ते नाव आहे, अशी माझी लहानपणी समजूत होती. ते एका माणसाचं आडनाव आहे हे कॉलेजात गेल्यावर कळलं. आणि ते आडनाव मुळात इंग्लंडातल्या एका खेड्याचं नाव आहे, हे कळायला त्यानंतर वीसेक वर्षं गेली. मग मी या शोधाच्या मागेच लागले. एका चुकीच्या वंशावळीत सहा महिने घालवले, एका विकतच्या चित्रावर पैसे गेले, आणि जे पहिल्या आठवड्यात कळायला हवं होतं ते शेवटी कळलं. तुमचे ते सहा महिने वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

इतिहासाचा अभ्यास करणारे, भाषांतर करणारे, गावाबाहेरच्या जुन्या कबरीवर एखादं नाव वाचून थबकलेले, किंवा इंग्लंडात राहून शेजाऱ्याच्या आडनावाचा अर्थ शोधणारे, पद्धत सगळ्यांना हीच लागू पडते. उदाहरण म्हणून मी शेवटपर्यंत मोल्सवर्थच घेते, कारण मराठी माणसाला त्याच्याइतकं जवळचं इंग्रजी आडनाव दुसरं नाही.

हाताशी काय हवं

– रोमन लिपीतलं आडनाव, आणि त्याची सापडतील तेवढी स्पेलिंगं.
– त्या आडनावाचा निदान एक खरा माणूस: नाव, अंदाजे साल, ठिकाण.
– एक वही. तीन रकाने आखा: काय सापडलं, कुठे सापडलं, किती खात्री. तिसरा रकाना कधीही रिकामा ठेवू नका.
– फॅमिलीसर्च या जुन्या कौटुंबिक नोंदींच्या संकेतस्थळावर खातं (फुकट आहे).
– इंग्लंडच्या जुन्या कौंट्यांचा (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांचा) नकाशा. १९७४ साली कौंट्यांच्या सीमा बदलल्या, आणि जुन्या नोंदी जुन्या कौंटीच्या नावाखाली असतात.
– सवड. हे एका रविवारचं काम नाही.

१. आधी स्पेलिंग पक्कं करा

मराठीत आपण मोल्सवर्थ, मोलस्वर्थ, मोल्स्वर्थ असं काहीही लिहितो. जुन्या कागदांत तर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचा ‘अल्पिष्टन’ झालेला आहे. त्यामुळे देवनागरीवरून अंदाजाने रोमन अक्षरं जुळवू नका. त्या माणसाची सही, त्याच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, कबरीवरचा मजकूर, जे मिळेल ते डोळ्यांनी पाहा.

कबर वाचायची असेल तर सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असतं तेव्हा झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली धरते आणि नाव उठून दिसतं. दुपारी बारा वाजता तोच दगड कोरा वाटतो. न वाचता आलेल्या ओळीवर मी साधं पाणी शिंपडते, तेवढ्याने बरंच कळतं. खडू, पीठ, ब्रश यांतलं काहीही दगडाला लावू नका, अक्षरं आणखी झिजतात.

इथला सापळा असा की दोन आडनावं दिसायला सख्खी भावंडं वाटतात आणि असतात परकी. चेशर कौंटीत माउल्ड्सवर्थ नावाचं गाव आहे. ते वेगळं गाव, त्याच्या नावाची फोड वेगळी, आणि त्यावरून आलेलं आडनावही वेगळं. मात्र जुने कारकून कानाला पडेल तसं लिहीत, म्हणून दोन्हींच्या नोंदी एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. एक अक्षर इकडेतिकडे असलं की आधी ठिकाण पाहा, मग ठरवा.

२. आडनाव कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा

इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या तीनेकशे वर्षांत आडनावं हळूहळू वंशपरंपरागत झाली. त्यांचे ढोबळ चार गट पडतात. धंद्यावरून: स्मिथ म्हणजे लोहार, फ्लेचर म्हणजे बाण करणारा, कूपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा. बापाच्या नावावरून: जॉन्सन, रिचर्ड्स. रूप-स्वभावावरून: शॉर्ट, ब्राउन. आणि ठिकाणावरून: हिल, वुड, किंवा थेट गावाचं नाव. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. लोहार, सुतार, काळे, गोरे आणि सगळे ‘कर’ आपल्याकडे आहेतच.

शेवटचा तुकडा पाहिला की पुष्कळदा गट कळतो. टन, हॅम, ली, फर्ड, बी, वर्थ असा शेवट असेल तर बहुधा गावाचं नाव. त्यातही ‘बी’ दिसलं तर उत्तर-पूर्व इंग्लंड आणि डॅनिश लोकांची वस्ती आठवा.

त्याआधी आडनाव खरोखर इंग्लिश आहे ना, तेही तपासा. आपण सरसकट सगळ्यांना इंग्रज म्हणतो. महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचा माल्कम स्कॉटिश, आणि एल्फिन्स्टनही स्कॉटिश. त्यांना इंग्लिश ग्रामनामांच्या कोशात शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

३. गाव शोधा आणि नावाचं सर्वांत जुनं रूप काढा

हीच खरी मजेची पायरी, आणि लोक सर्वांत जास्त चुकतात तेही इथेच.

मोल्सवर्थ नावाचं खेडं केंब्रिजशर कौंटीत आहे. जुन्या नोंदींत पाहाल तर हंटिंग्डनशरमध्ये. संगणकावर नुसतं नाव टाकलंत तर आधी लष्करी विमानतळ समोर येईल: दुसऱ्या महायुद्धात तिथून अमेरिकी बॉम्बफेकी विमानं उडत, आणि १९८० च्या दशकात क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध शांततावाद्यांनी तिथे तळ ठोकला होता. ते सगळं बाजूला सारून मागे जा, थेट १०८६ सालापर्यंत. त्या वर्षी विल्यम राजाने आपल्या राज्यातल्या जमिनींची मोजदाद करवली, तिचं दप्तर म्हणजे डूम्सडे बुक. ते आज फुकट पाहता येतं. त्यात हे गाव आहे, आणि त्याचं रूप आहे ‘मोलेसवर्दे’.

आता फोड. शेवटचा ‘वर्थ’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द, त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, आवार. पहिला भाग ‘मूल’ हे माणसाचं नाव. म्हणजे मूल नावाच्या कुणाची तरी कुंपण घातलेली जागा. असं नाव खरंच होतं का, ही शंका मलाही आली होती. होतं. सातव्या शतकात केंटमध्ये मूल नावाचा राजा होऊन गेला, ६८७ साली त्याला जाळून मारलं. गाव त्या राजाचं, असं मात्र मुळीच समजू नका. नाव प्रचारात होतं, एवढाच त्याचा उपयोग.

मराठी वाचक नेमका कुठे घसरतो ते सांगते, कारण मीच घसरले होते. आपल्या भाषेत ‘मोल’ म्हणजे किंमत. आजच्या इंग्रजीत ‘वर्थ’ म्हणजेही किंमत. शब्दांचं मोल करणाऱ्या माणसाचं आडनाव दोन्ही बाजूंनी मोलाचंच! मी हे एका व्याख्यानात सांगितलंसुद्धा, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण दोन्ही अर्थांचा या आडनावाशी काडीचाही संबंध नाही. इंग्रज वाचक दुसरीकडे घसरतो, त्याला ‘मोल’मध्ये जमीन उकरणारा तो छोटा प्राणी दिसतो. तोही चूक. नियम एकच: आजच्या स्पेलिंगची फोड करायची नाही. सर्वांत जुनं लिखित रूप काढायचं आणि त्याची फोड करायची.

यासाठी नॉटिंगहॅम विद्यापीठाने ग्रामनामांचा एक नकाशा-कोश संकेतस्थळावर ठेवला आहे, गावावर बोट ठेवलं की फोड मिळते. आडनावांसाठी ऑक्सफर्डचा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या कुलनामांचा चार खंडी कोश २०१६ साली निघाला, त्यात पंचेचाळीस हजारांहून जास्त आडनावं आहेत. तो विकत घेण्याच्या फंदात पडू नका, मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

आणि एक गोष्ट करून बघाच. मोल्सवर्थचा कोश उघडा (शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात तो फुकट आहे) आणि ‘वाडी’ शब्द काढा. पहिला अर्थ दिला आहे कुंपण घातलेली जमीन, आवार. दुसरा, शेतकऱ्यांच्या झोपड्यांची वस्ती, खेडं. ‘वर्थ’चा प्रवासही तोच: आधी कुंपण, मग त्या कुंपणाभोवती वाढलेलं गाव. मूलची वाडी. आपल्या आडनावाचा मराठी अर्थ या माणसाने स्वतःच्या हाताने त्या पानावर लिहून ठेवला होता. ते पान पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी बाबांना फोन केला होता.

४. गावात शोधू नका, गावाबाहेर शोधा

सावंतवाडीत राहणाऱ्याला सावंतवाडीकर म्हणून ओळखण्यात काय हशील? गाव सोडून दुसरीकडे गेलेल्यालाच लोक गावाच्या नावाने हाक मारतात. इंग्लंडातही तसंच झालं. म्हणून आडनावाचे जुने धारक मूळ गावात कमी आणि आसपासच्या गावांत, शेजारच्या कौंटीत जास्त सापडतात. १८८१ च्या खानेसुमारीतली नावं फॅमिलीसर्चवर फुकट शोधता येतात. कौंटीवार आकडे वहीत उतरवा, आडनावाची दाटी कुठे आहे ते डोळ्यांसमोर येईल.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. एकाच गावातून वेगवेगळ्या काळी दोन माणसं बाहेर पडली, तर दोघांनाही तेच आडनाव चिकटेल आणि दोघांत रक्ताचं नातं मुळीच नसेल. सगळे पुणेकर एकमेकांचे भाऊबंद नसतात.

५. नोंदी उलट क्रमाने वाचा

ज्ञात माणसापासून सुरुवात करा आणि एकेक पिढी मागे जा. प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरायचा मोह आवरा.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिची सूची फ्री बीएमडी या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. दर दहा वर्षांच्या खानेसुमारीत माणसांची नावं १८४१ पासून नीट मिळतात. १९२१ पर्यंतची खुली आहे. १९३१ ची आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, म्हणून त्या शोधत बसू नका. १८३७ च्या मागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्या. त्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम झाला, पण इतक्या जुन्या वह्या थोड्याच गावांच्या टिकल्या. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, हेही लक्षात असू द्या.

६. नामवंत धारकांची यादी करा, पण प्रत्येकाला वेगळं तपासा

ब्रिटिश चरित्रकोशाची १८८५ ते १९०० मधली जुनी आवृत्ती विकिस्रोतावर फुकट आहे, सुरुवात तिथून करा. मोल्सवर्थच्या बाबतीत मला मिळालेली माणसं आणि त्यांच्यासोबत आलेले सापळे असे.

रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५). डब्लिनचा. तिसऱ्या विल्यम राजाचा डेन्मार्कमधला राजदूत. तिथली अनियंत्रित राजसत्ता पाहून त्याने डेन्मार्कवर जे पुस्तक लिहिलं ते युरोपभर गाजलं. १७१६ साली व्हायकाउंट (सरदारकीची एक पदवी) झाला. डब्लिनच्या मोल्सवर्थ स्ट्रीटला याच घराण्याचं नाव आहे. सापळा: ही पदवी आयर्लंडची आहे, म्हणून लोक आडनावही आयरिश समजतात. घराणं आयर्लंडात गेलं, आडनाव हंटिंग्डनशरचंच राहिलं.

त्याचा मुलगा रिचर्ड. १७०६ साली रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला, तेव्हा रिचर्डने आपला घोडा देऊन त्याला वाचवलं. पुढे तिसरा व्हायकाउंट आणि फील्ड मार्शल झाला.

सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५). कॉर्नवॉलमधल्या पेनकॅरोच्या बॅरोनेट शाखेतला आठवा. कैद्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्याची पद्धत तपासायला १८३७-३८ मध्ये जी संसदीय समिती बसली तिचा हा अध्यक्ष. त्या समितीने या पद्धतीचे वाभाडे काढले आणि न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं १८४० मध्ये थांबलं. हॉब्ज या तत्त्वज्ञाचे समग्र ग्रंथही त्याने संपादित केले. मरणापूर्वी काही महिने तो वसाहतमंत्री होता. या सगळ्यांत मला हाच जास्त भावतो. सापळा: बॅरोनेट आणि व्हायकाउंट या दोन वेगळ्या पदव्या, दोन वेगळ्या शाखा. ‘सर’ म्हणजे ‘लॉर्ड’ नव्हे.

सर गिल्फर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५). इंजिनिअर. सिलोनची रेल्वे उभारली, मग १८७१ पासून हिंदुस्थान सरकारचा रेल्वे सल्लागार. इंजिनिअरिंगच्या सूत्रांची त्याची खिशात मावणारी पुस्तिका इंजिनिअरांच्या कित्येक पिढ्यांनी वापरली. त्यामुळे जुन्या इंजिनिअरच्या घरात कुणी “मोल्सवर्थ” म्हटलं, तर तो आपला कोश नसून ही पुस्तिका असू शकते.

मिसेस मोल्सवर्थ (१८३९–१९२१). मुलांसाठी गोष्टी लिहिणारी नावाजलेली लेखिका. सापळा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त नडणारा: हे तिचं सासरचं आडनाव. ती जन्माने मेरी लुईझा स्ट्युअर्ट, रॉटरडॅममध्ये जन्मलेली. आडनावाच्या यादीत तिला जरूर घ्या, वंशावळीत मात्र सून म्हणून.

पेनकॅरोचं घराणं पुढे मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोड आडनाव लावू लागलं. वारसा मिळाला की आडनाव जोडायचं, अशी चाल तिकडे होती. जोड नाव दिसलं की दोन्ही अर्धी स्वतंत्रपणे शोधा.

आपल्या मुंबईतलं उदाहरणही इथेच देते, कारण हा गोंधळ छापील पुस्तकांतही दिसतो. एल्फिन्स्टन नावाचे मुंबईचे दोन गव्हर्नर झाले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९–१८२७) आणि त्याचा पुतण्या लॉर्ड एल्फिन्स्टन (१८५३–१८६०). एल्फिन्स्टन कॉलेजला नाव काकाचं, आणि आज प्रभादेवी झालेल्या त्या जुन्या स्टेशनाला नाव पुतण्याचं. आडनाव, गाव, हुद्दा सगळं एक असूनही माणसं दोन. साल लिहिल्याशिवाय नाव लिहू नका.

७. हिंदुस्थानाशी जोडणारा धागा

कोशकार जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू आणि मराठी शास्त्री यांना बरोबर घेऊन त्याने कोश रचला, तो १८३१ साली मुंबईत छापला. शब्द सुमारे चाळीस हजार. मधे तो मायदेशी परतला होता, पण सुधारलेल्या आवृत्तीसाठी पुन्हा इकडे आला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले.

अशा माणसाचे आईवडील शोधायचे तर व्हायकाउंटांच्या वंशावळीत शोधू नका. माझे सहा महिने गेले ते तिथेच. छापील वंशावळीत नावसाधर्म्य दिसलं, सालं जवळपास जुळली, आणि मी रेघ ओढून मोकळी झाले. नंतर एका जाणकार बाईंनी विचारलं, “कागद कुठे आहे?” माझ्याकडे कागद नव्हता. ती रेघ मी खोडली.

कागद असतो तो ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात. कंपनीच्या फौजेत येणाऱ्या प्रत्येक कॅडेटच्या (शिकाऊ अधिकाऱ्याच्या) अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला आणि शिफारस जोडलेली असे. ही कॅडेटांची कागदपत्रं. शिवाय चर्चच्या नोंदींच्या तीन मालिका आहेत: बंगाल, मद्रास आणि मुंबई. आपल्याला बहुतेक वेळा तिसरी लागते, तिचा क्रमांक एन/३. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांच्या नोंदी जमवणाऱ्या फिबिस या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट सूची आहे, आधी तिथे नाव टाका, मग मूळ पान कुठे मिळेल ते बघा. कबरींसाठी बॅक्सा ही १९७६ पासून काम करणारी संस्था. मुंबई सरकारचे कागद हवे असतील तर मुंबईतलं राज्य पुराभिलेखागार. जाताना ओळखपत्र आणि पेन्सिल न्या, आणि काय हवं ते अर्जात नेमकं लिहा: खातं, साल, विषय. “मोल्सवर्थबद्दल काहीही” असं लिहिलंत तर हात हलवत परत याल.

८. वंशचिन्ह विकत घेऊ नका

‘तुमच्या आडनावाचं वंशचिन्ह’ म्हणून चौकटीतली रंगीत चित्रं विकणारी दुकानं खूप आहेत. मी बाबांसाठी एक मागवलं होतं, सोबत चर्मपत्रासारख्या कागदावर आडनावाचा इतिहासही आला. त्यात गावाचं नावसुद्धा नव्हतं. इंग्लंडात वंशचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. ते ठरवणारी संस्था कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासूनची. तिथे ज्याचा वंश सिद्ध झालेला नाही, त्याला त्या चिन्हावर हक्क नाही, आडनाव तेच असलं तरी.

त्यापेक्षा गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीजच्या यादीत बघा. १९७९ साली सुरू झालेल्या या संस्थेचे सभासद एकेका आडनावाचा ध्यास घेऊन नोंदी जमवतात. तुमच्या आडनावाचा कुणी अभ्यासक असेल तर त्याला नम्रपणे पत्र लिहा, आधी काय काय पाहिलं ते सांगा आणि एकच नेमका प्रश्न विचारा.

९. वही अशी भरा

माझ्या वहीतल्या चार ओळी जशाच्या तशा देते.

मोल्सवर्थ = मूलचं कुंपण घातलेलं आवार. ग्रामनाम कोश, डूम्सडे १०८६. खात्री: पूर्ण.
मिसेस मोल्सवर्थ, लेखिका: विवाहाने मोल्सवर्थ. चरित्रकोश. खात्री: पूर्ण.
मोल = किंमत: माझी कल्पना. खोडलं.
कोशकार हा व्हायकाउंटाच्या घराण्यातला: छापील वंशावळीतल्या नावसाधर्म्यावरून. कागद नाही. खोडलं. कॅडेटची कागदपत्रं मागवली.